लेट म्हणजे उशीर नव्हे

गारखेड्यात माझा इंग्रजी बोलण्याचा क्लास होता, तो एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. खाली गहू दळत असले तर आवाज सोसण्यासारखा असायचा. ज्वारी-बाजरी लागली की फळा थरथरायचा आणि माझं अक्षर आपोआप वळणदार व्हायचं. दिवाळीच्या आधी भाजणीचे डबे यायचे, तेव्हा तर त्या खमंग वासानं सगळ्यांचं व्याकरण पातळ व्हायचं. शाळेत नोकरी होती तोवर मी मुलांना इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर मोठ्या माणसांना शिकवायला लागले, आणि शिकवणं म्हणजे काय ते मला खरं तेव्हा कळलं. मुलं परीक्षेसाठी शिकतात. मोठं माणूस क्लासला येतं ते कुठंतरी अडलेलं असतं म्हणून.

ते कुठं अडलंय हे शोधणं, हाच आमचा धंदा. आसपासच्या क्लासवाल्यांच्या पाट्यांवर 'महिन्यात फाडफाड इंग्रजी' असं असायचं. मी लिहिलं होतं, 'इंग्रजी बोला. घाई नाही.' त्यामुळे माझ्याकडे गर्दी कधी झाली नाही, पण आलेली माणसं टिकली. रिक्षावाले आले, नर्सबाई आल्या, मुलाकडे परदेशी जाणाऱ्या आजी आल्या, कारखान्यातले कामगार आले.

यंदा या अंकाच्या संपादकांनी विचारलं, की शिकवायला सगळ्यात अवघड शब्द कोणता? त्यांना वाटलं असेल, मी एखादा लांबलचक शब्द सांगेन. तसल्या शब्दांचं काही नसतं. ते पाठ करता येतात. मला घाम फोडला तो इंग्रजीत तीनच अक्षरं असलेल्या 'लेट' या क्रियापदानं. उशीर या अर्थाचा लेट आपल्या सगळ्यांच्या बोलण्यात आहे: गाडी लेट आहे, पगार लेट झाला. तो हा नव्हे. हा लेट म्हणजे जाऊ देणं, करू देणं, येऊ देणं. आपल्या लिपीत दोघांचं स्पेलिंग एकच, आणि तिथंच सगळा घोळ.

तो घोळ माझ्याकडे घेऊन आले रावसाहेब. रावसाहेब हे त्यांचं नाव, हुद्दा नव्हे. मूळचे कन्नड तालुक्यातले. भाऊ गावी ऊस बघायचे आणि हे इथं औषधाच्या एका कारखान्यात मशीन चालवायचे. पन्नाशीच्या आसपासचे, पोट सुटलेले, आवाज खणखणीत. कारखान्यानं त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. का, असं विचारल्यावर ते खुर्चीत नीट सावरून बसले.

"मॅडम, आमच्याकडं वाफेची एक मोठी पेटी आली नवी. बाटल्या निर्जंतुक करायची. ती बसवायला जर्मनीचे येबर साहेब आले." साहेबांचं नाव वेबर, पण सगळा कारखाना त्यांना येबर म्हणायचा. "तर पेटी बंद केली, अन् साहेब मला म्हणले, लेट इट कूल. म्या म्हणलं, कूल म्हंजे थंड, लेट म्हंजे उशीर. थंड व्हायला उशीर हाय. आता उशीर हाय तर झाकण उघडून ठिवलं की लवकर थंड व्हईल का नाय? घरी वरणाचं पातेलं आपण तसंच करतो ना? म्हणून उघडलं."

"मग?"

"मग काय, वाफच वाफ. साहेब मला दिसंना, मी साहेबाला दिसंना. नुस्ता आवाज यायला, नो नो नो! दाब उतरलेला होता म्हणून कुणाला काई झालं नाय. पण साहेबाचा चष्मा असा पांढरा पडला की त्यांना जिना सापडंना. मीच धरून खाली आणलं."

मी खूप हसले, पण मनातून चपापले. त्यांच्या तर्कात कुठंच चूक नव्हती. 'थंड होऊ द्या' हे त्यांना 'थंड व्हायला उशीर आहे' असं ऐकू आलं, आणि त्यावर शहाण्या माणसानं जे करावं तेच त्यांनी केलं. एका शब्दानं माणूस भाजला असता.

मी फळ्यावर दोन्ही लेट लिहिले. उशिराचा लेट ताणायचा, परवानगीचा लेट झटकन तोडायचा. सगळी बॅच एक आठवडाभर ताणत आणि तोडत बसली. खालून गिरणीवाल्यानं नोकराला वर पाठवून विचारलं, की कुणाला उचकी लागली आहे का.

उच्चार जमल्यावर व्याकरण. आपण मराठीत परवानगी 'देतो': जाऊ दे, खाऊ दे, बोलू दे. आणि तो 'दे' बदलत राहतो: जाऊ देतो, जाऊ दिलं, जाऊ देईन. इंग्रजीतला लेट हट्टी आहे. आज लेट, काल लेट, तोंड तेच. त्याच्यापुढे 'टू' लावायचा नाही. 'लेट मी गो' म्हणायचं, मला जाऊ द्या. त्याचा भाऊ 'अलाउ' मात्र 'टू'शिवाय पाऊल उचलत नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, 'मला जाऊ दिलं' असं देणाऱ्याचं नाव न घेता लेटनं सांगता येत नाही. 'आय वॉज लेट' म्हणालात तर समोरचा समजतो, तुम्हाला उशीर झाला. लेट वापरायचा तर कुणी जाऊ दिलं, त्या माणसाला वाक्यात आधी उभं करावं लागतं.

"मंग मॅडम," रावसाहेबांनी हात वर केला, "आमच्या कॉलनीत घरावर पाटी हाय, टू लेट. त्ये घर कुठं जाऊ द्यायचंय?"

भाड्यानं देणं हाही लेटचाच अर्थ, असं मी सांगितलं. रावसाहेब जरा विचारात पडले आणि म्हणाले, "बरोबर हाय. राहू द्यायचंय त्याला."

त्या बॅचमध्ये दौलताबादची नसरीन होती. इतिहासात बीए झालेली, बारीक अंगाची, बोलताना हातवारे करणारी. वडील युसूफभाई जीप चालवायचे. पर्यटकांना स्टँडवरून किल्ल्यावर, किल्ल्यावरून लेण्यांवर न्यायचे. रोज संध्याकाळी मुलीला क्लासला सोडायला यायचे आणि क्लास सुटेपर्यंत खाली गिरणीत पोत्यावर बसून उर्दू पेपर वाचायचे. मी कितीदा म्हटलं, वर येऊन बसा. "नक्को मॅडम, यहींच ठीक हूँ. पिठाचा वास चांगला असतो," असं म्हणून ते पेपरात तोंड घालायचे.

एकदा मी सगळ्यांना लेट घालून तीन तीन वाक्यं बोलायला सांगितली. इंग्रजीत मागणं सगळ्यांना येतं, 'मे आय कम इन सर' आपण पहिलीपासून म्हणत आलेलो असतो. पण कोण कुणाला काय करू देतं, हे सांगायची वेळ आली की माणसाचं सगळं घर वाक्यात येतं. उज्ज्वला नावाची एक सून होती. ती म्हणाली, "माझ्या सासूबाई मला क्लासला येऊ देतात." वाक्य बिनचूक होतं. मी शाबासकी दिली. पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही. मी दोनदा फोन केला. उचलला सासूबाईंनी, आणि गोड बोलून ठेवला. त्या पोरीची मला अजून चुटपुट लागते.

सगळ्यांच्या वाक्यांत दुसरा कुणीतरी त्यांना काहीतरी करू देत होता नाहीतर देत नव्हता. एकटे रावसाहेब उलटे. छाती काढून म्हणाले, "आय डोन्ट लेट माय वाइफ ड्राइव्ह स्कूटी." बायकोला मी स्कूटी चालवू देत नाही. वर्गातल्या सगळ्या बायकांनी माना वळवून त्यांच्याकडे पाहिलं. रावसाहेबांनी घाईघाईनं वहीत डोकं घातलं.

मग नसरीन उभी राहिली. माझे वडील मला शिकू देतात. माझे वडील मला जीप चालवू देतात. आणि तिसरं: "माय फादर डज नॉट लेट मी गाइड इन द अंधारी." वडील मला अंधारीत गाइडचं काम करू देत नाहीत.

दौलताबादचा किल्ला ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. खंदक ओलांडल्यावर वर जायची वाट डोंगराच्या पोटातून आहे. वेडीवाकडी, उंच-सखल पायऱ्यांची, मिट्ट काळोखाची. शत्रू आत शिरला की त्याला काही दिसू नये, भलत्या वळणानं जाऊन त्याचा कडेलोट व्हावा, अशी ती रचना. तीच अंधारी. आत वटवाघळं आणि त्यांचा उग्र वास. हल्ली बाजूनं दुसऱ्या पायऱ्या आहेत, त्यामुळे ज्याला नको तो ती टाळू शकतो. पण परदेशातून माणूस येतो तो अंधारीसाठीच.

नसरीनला गाइड व्हायचं होतं. शहरातल्या एका टूरवाल्यानं तिला सांगितलं होतं, की एका परदेशी गटाला पायथ्यापासून माथ्यापर्यंत नेऊन दाखव, ते खूश झाले तर कामाला ये. पायथ्यापासून माथ्यापर्यंत म्हणजे अंधारीतून. आणि युसूफभाई म्हणत होते, बाकी सगळा किल्ला दाखव, अंधारी नाही.

मला वाटलं, नेहमीचंच. मुलीची जात, लोक काय म्हणतील. क्लास सुटल्यावर मी तावातावानं खाली गेले. गिरणी बंद झाली होती. युसूफभाईंनी माझ्यासाठी पोत्यावरचं पीठ रुमालानं झटकलं.

"युसूफभाई, पोरगी हुशार आहे. अडवता कशाला?"

"अडवत नाय मॅडम. तिच्याच मनासारखं होतं सगळं. इतिहास घेतला, घेऊ दिला. मेरी जीप मेरे से अच्छी चलाती. वर बारादरी आहे, ऊन आहे, हवा आहे, दाखव म्हणलं. फक्त अंधारी नाय."

"का पण?"

त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. "मी पोरगा होतो तेव्हापासून तिथं मशाल धरली. मशालवाला पुढं चालतो, माणसं मागं. मागं काय चालतं ते मशालवाल्याला दिसत नाय मॅडम, पण ऐकू येतं. शिट्टी ऐकू येते. बांगडी फुटलेली ऐकू येते. अच्छे घर के लोग, बाहर आके मेरेकू बक्षीस देते थे. अंधेरे में आदमी अलगच होता." त्यांनी पेपरची घडी घातली. "एक बाई तिथं अशी ओरडली होती, वो आवाज मेरे कान से गयाच नहीं. अब मेरी बेटी पुढं चालणार, अन् मागं अनोळखी माणसं. तुम्हीच सांगा."

वाद घालायला गेलेली मी अंगाला लागलेलं पीठ झटकून उठले. घरी जाताना मी रागावले होते खरी, पण युसूफभाईंवर नव्हे.

वाट काढली ती रावसाहेबांनी. येबर साहेबांचं मशीन बसवून झालं होतं. परत जाण्याआधी रविवारी त्यांना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना किल्ला बघायचा होता. कारखान्यानं ती व्यवस्था रावसाहेबांवर सोपवली, कारण वाफेच्या प्रकरणानंतर साहेबांचा त्यांच्यावर लोभ जडला होता. रावसाहेब क्लासमध्ये आले तेच गर्जत, "नसरीन, तुला गोरी माणसं पायजे होती ना? घे. तीन हायेत."

नसरीनचा चेहरा फुलला आणि लगेच उतरला. रावसाहेब धाडधाड जिना उतरून खाली गेले. त्यांचं बोलणं आम्हाला वरून ऐकू येत होतं.

"युसूफभाई, साहेब देवमाणूस हाय. म्या त्याला जिवंत उकडला असता, तरी मला शिवी दिली नाय."

"आदमी की बात नहीं, रावसाहेब."

"मंग असं करा. तुमीबी चला. मशाल घ्या तुमची."

मग युसूफभाई म्हणाले, "मशाल मागं राहील. पुढं नाय."

"मागं तर मागं!"

रविवारी सकाळी आम्ही निघालो. रावसाहेबांनी आग्रहानं मलाही घेतलं, "चुकलो तर मॅडम पायजेत," म्हणून. येबर साहेब सहा फुटांच्या वर, लालबुंद, हात फावड्यासारखे. नसरीननं पांढरा सलवार-कमीज घातला होता. सुरुवातीला ती पाठ केल्यासारखं बोलत होती, पण मिनाराजवळ पोचेपर्यंत ती रंगात आली. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड का आहे, खंदकातलं पाणी कुठून यायचं, सगळं ती हातवारे करून सांगत होती. 'लेट मी शो यू', 'लेट्स टर्न लेफ्ट', एकही 'टू' भलत्या जागी नाही. मी मनातल्या मनात खुणा करत होते.

अंधारीच्या तोंडाशी युसूफभाईंनी मशाल काढली. मशाल म्हणजे आता मोठी बॅटरी, पण किल्ल्यावरची जुनी माणसं तिलाही मशालच म्हणतात. पुढं नसरीन मोबाईलच्या उजेडात, तिच्यामागं साहेबांचे दोघे सहकारी, मग येबर साहेब, रावसाहेब, मी, आणि शेवटी युसूफभाई. आम्ही आत शिरलो आणि पाठोपाठ कुठल्यातरी शाळेची सहल शिरली. मुलांनी अंधार बघितल्याबरोबर किंचाळायला सुरुवात केली. वटवाघळं उठली. त्या दगडी पोटात आवाज असा घुमला की आपला आपल्याला ऐकू येईना.

दोन वळणं गेलो असू. येबर साहेब थांबले. आम्हाला वाटलं, दम लागला. बघतो तर साहेब भिंतीला टेकून पायरीवर खाली बसलेले, तोंड उघडं, श्वास घशात अडकलेला. पुढचे दोघे नसरीनबरोबर वळणापलीकडे गेले होते.

युसूफभाई माझ्या बाजूनं पुढं घुसले. त्यांनी एका हातात बॅटरी धरली आणि दुसऱ्या हातानं साहेबांचा हात घट्ट पकडला. साहेबांनी तो बुडत्यासारखा आवळला आणि ओरडले, "डोन्ट लेट गो!"

हात सोडू नका. पण युसूफभाईंनी उभ्या आयुष्यात पर्यटकांच्या तोंडून एकच ऐकलेलं: लेट्स गो. चला, निघूया. पोरांच्या आरडाओरड्यात तो 'डोन्ट' विरून गेला.

"यस सर! लेट्स गो, लेट्स गो!" असं म्हणत त्यांनी हात सोडला आणि बॅटरी घेऊन झपाझप पुढं निघाले. पाहुणा निघूया म्हणतोय, तर वाट दाखवायला नको? उजेड त्यांच्याबरोबर वळणापलीकडे गेला आणि आम्ही काळोखात राहिलो. त्या काळोखात एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा पुन्हा पुन्हा तेच ओरडला. मला काय करावं सुचेना. रावसाहेब चाचपडत होते ते माझाच खांदा धरून "साहेब, साहेब" म्हणत होते.

तेवढ्यात वळणापलीकडून नसरीनचा आवाज आला, "अब्बा, रुको! चला नाही म्हणत ते, हात सोडू नका म्हणतायत!"

उजेड परतला. त्याच्या पुढं नसरीन, भिंतीला हात लावत, पायरी न बघता भरभर उतरत आली. युसूफभाई पुन्हा साहेबांना धरायला वाकले. त्यांचा विचार सरळ होता: बखोटीला धरायचं, उचलायचं, बाहेर काढायचं.

"अब्बा," नसरीन हळूच म्हणाली, "मेरेकू करने दो."

युसूफभाई वाकलेले तसेच थांबले. मी त्यांच्या अगदी शेजारी होते. मागून पोरांचा लोंढा येत होता, अनोळखी माणसं, अंधार. त्यांना जे जे नको होतं ते सगळं तिथं हजर होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. एक पायरी मागं सरकले आणि बॅटरीचा उजेड मुलीच्या पायाशी धरला.

नसरीन साहेबांच्या शेजारी पायरीवर बसली. त्यांचा फावड्यासारखा हात तिनं दोन्ही हातांत धरला. "आय वोन्ट लेट गो, सर." मी सोडणार नाही. मग मागून येणाऱ्या शाळेच्या बाईंना खणखणीत मराठीत म्हणाली, "बाई, मुलांना भिंतीकडून जाऊ द्या. एकानंही ओरडायचं नाही, इथं माणूस आजारी आहे." पोरं चिडीचूप झाली आणि एकमेकांचे शर्ट धरून मुकाट पुढं गेली. वटवाघळंही बसली असावीत, किंवा मला तसं वाटलं.

शांतता झाल्यावर ती साहेबांना इंग्रजीत सांगू लागली, की ही जागा बलाढ्य माणसांना घाबरवण्यासाठीच बांधलेली आहे. शेकडो वर्षं झाली, पण आजही बघा, आपली ड्यूटी चोख करते. साहेबांच्या घशातून एक विचित्र आवाज आला. ते हसत होते. हसता हसता श्वास मोकळा झाला. मग ती त्यांना उठवून एकेक पायरी सांगत चालली, मोठी पायरी, छोटी पायरी, डोकं खाली. साहेबांचे पाय तिच्या शब्दांवर पडत होते. युसूफभाई मागून उजेड धरून होते, आणि तो उजेड जरासुद्धा हलला नाही. मी बघत होते.

बाहेर उन्हात आल्यावर साहेब खाली बसून पाणी प्यायले, सगळी बाटली. रावसाहेबांनी त्यांना टोपीनं वारा घातला. नसरीनचे हात इतके आवळले गेले होते की बोटं पांढरी पडली होती. ती ते ओढणीखाली चोळत होती.

वर बारादरीत पोचल्यावर साहेबांना हुरूप आला. त्यांना कळलं की बॅटरीवाला हा या मुलीचा बाप आहे. ते युसूफभाईंच्या समोर जाऊन उभे राहिले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत विचारलं, की तुमची मुलगी हे काम रोज करते का?

नसरीन चटकन पुढं झाली. ती खरं सांगणार होती, आज पहिल्यांदाच, आणि कदाचित शेवटचं. तिनं तोंड उघडण्याआधी युसूफभाई बोलले.

"यस सर," ते म्हणाले. "एव्हरी डे."

नसरीन वडिलांकडे बघतच राहिली. युसूफभाई बॅटरीच्या काचेवरची धूळ रुमालानं पुसत होते, फार मन लावून. रावसाहेबांनी मोठ्यानं नाक शिंकरलं आणि धुळीला शिव्या दिल्या. मी खाली खंदकाकडे बघत उभी राहिले, कारण मास्तरीणबाईंनी सगळ्यांदेखत डोळे पुसणं बरं दिसत नाही.

येबर साहेबांनी टूरवाल्याला स्वतः फोन केला आणि इतका वेळ बोलले की तो शेवटी नुसता 'यस यस' म्हणत होता. नसरीन कामाला लागली, रीतसर परवानाही काढला. रावसाहेबांचं इंग्रजी पुढं बरंच सुधारलं. कारखान्यात नवीन माणूस आला की लेटचे दोन उच्चार तेच शिकवतात म्हणे. एका संध्याकाळी ते क्लासला आले ते स्कूटीवर, पण मागच्या सीटवर बसून. पुढं त्यांची बायको, कमलताई, हेल्मेट घालून ऐटीत. "तुम्ही चालवू दिली होय?" मी वरून खिडकीतून विचारलं. रावसाहेब म्हणाले, "म्या कसली देतोय? शेजारणीकडून शिकली अन् आज सांगितलं, बसा मागं." कमलताईंनी वर बघून मला नमस्कार केला आणि गाडी अशी वळवली, की गिरणीपुढं पाठीवर पोतं घेतलेला हमाल बाजूला झाला.

गुडघ्यांनी जिना नको म्हटल्यावर मी क्लास बंद केला. त्या खोलीत आता शिवणकाम चालतं. कधी गिरणीवरून गेले तर मान वर जाते. वाटतं, उज्ज्वला कधीतरी आली असेल आणि कुलूप बघून परत गेली असेल. असं काही झालं नसेल हे मला कळतं, पण वाटतं.

गेल्या हिवाळ्यात बहीण आली होती, तिला घेऊन दौलताबादला गेले. युसूफभाई पायथ्याच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसले होते. पांढरी दाढी, हातात तोच उर्दू पेपर. मला बघून उठले, चहा मागवला.

"वर नाही गेलात मुलीबरोबर?"

"जाने नहीं देती मॅडम," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, पण चेहरा तक्रारीचा नव्हता. "म्हणते, अब्बा, उगीच दमता. तुम्ही जीप बघा."

बहिणीला घेऊन मी खंदकापर्यंत गेले. तिथं नसरीन एका मोठ्या घोळक्यापुढं उभी होती. लातूरकडच्या बायका होत्या, सगळ्या साठीच्या पुढच्या, पायांत कॅनव्हासचे बूट, अंगात स्वेटर. पुढं अंधारीचं काळं तोंड होतं आणि एकही बाई पाऊल उचलायला तयार नव्हती. नसरीन हात कमरेवर ठेवून म्हणाली, "आजींनो, ज्यांना घाबरायचंय त्यांनी इथंच घाबरून घ्या. आत मला लई बोलायचंय, मग वेळ मिळायचा नाय."

बायका खदखदून हसल्या. एकीनं दुसरीचा पदर धरला, दुसरीनं तिसरीचा, आणि ती सगळी रांग तिच्या मागोमाग आत गेली. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांना न विचारता आम्हीही शेवटचा पदर धरला.